आमच्या मुलांवरही राज्य येऊ द्या

मराठीत मुलांसाठी चित्रपुस्तकं लिहिणाऱ्या, त्यांची चित्रं काढणाऱ्या, ती तपासणाऱ्या आणि छापणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात ठाण्यात गावदेवी मैदानावरच्या पुस्तक प्रदर्शनातून मी माझ्या भाचीसाठी एक चित्रपुस्तक आणलं. भाची आठ वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिसऱ्या वर्षी, ऐकू यावं म्हणून, कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं. कानामागे मशीन असतं आणि त्याची गोल कॉइल चुंबकाने डोक्याला चिकटते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच्या मुलीच्याही कानाला मशीन होतं, म्हणूनच मी ते हौसेने उचललं. चोवीस पानं, गुळगुळीत कागद, रंग छान.

घरी आल्यावर भाचीने दिवाणावर पालथं पडून ते एका दमात वाचून काढलं. मग पेन्सिल घेऊन माझ्याकडे आली. शेवटच्या पानावर 'विचार करा आणि लिहा' असं होतं आणि खाली प्रश्न होता : 'तुमच्या वर्गात अशी मुलगी असेल, तर तुम्ही तिला कशी मदत कराल?' त्याखाली तीन रिकाम्या ओळी. तिने 'अशी' या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आत्या, अशी म्हणजे कशी?"

मी काहीतरी थातूरमातूर बोलले. तिने जरा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या तीन ओळींवर एक मांजर काढून टाकलं.

हे पत्र त्या तीन ओळींसाठी लिहिते आहे. ते पुस्तक तिच्याबद्दल होतं, पण तिच्याशी बोलत नव्हतं. तिच्या डोक्यावरून, मागे बसलेल्या मुलांशी बोलत होतं. ज्याने तो प्रश्न लिहिला, त्याच्या मनात वाचणारं मूल म्हणजे धडधाकट मूल, हे पक्कं होतं. कानाला मशीन लावलेली मुलगी हे पुस्तक हातात घेईल, आपल्यासारखीच मुलगी चित्रात आहे म्हणून हरखून जाईल आणि शेवटच्या पानावर पोचेल, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. प्रकाशकाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एकाच पुस्तकाचा दोष असता, तर त्यांना फोन करून सांगितलं असतं.

मी ठाण्यातल्या चरईत राहते. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मी मुलांसाठी छोटं वाचनालय चालवते. एक कपाट, दोन सतरंज्या, आणि आली तर वीसेक मुलं. मोठं काम आहे असा माझा दावा नाही. ज्या शहरात १८९३ सालापासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभं आहे, तिथे एका कपाटाचं काय ते कौतुक. पण या कपाटामुळे एक गोष्ट मला जवळून दिसते. पुस्तक वाचताना मुलांचे चेहरे कुठे फुलतात आणि कुठे मिटतात, ते मला दर शनिवारी दिसतं. अपंग मूल असलेली मराठी चित्रपुस्तकं त्या कपाटात बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांपाशी चेहरे मिटतात.

का मिटतात, ते मला एका खेळामुळे उमगलं.

आमच्या इमारतीत नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर पुरता ताबा राहत नाही, वॉकर घेऊन चालतो. पार्किंगमध्ये लपाछपी रंगली की तोही उतरतो. आणि वर्षानुवर्षं तो 'कच्चा लिंबू' होता. तुम्ही सगळे लहानपणी खेळलेले आहात, तुम्हाला अर्थ सांगायला नको. कच्चा लिंबू खेळात असतो. लपतो, पळतो, हसतो. पण तो सापडला तरी आउट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. म्हणजे खेळात असूनही तो हिशेबात नसतो. धाकट्या भावंडांना आपण असं घेतो, आणि ती मोठी झाली की त्यांचं लिंबूपण आपोआप सुटतं. या मुलाचं सुटत नव्हतं. तो वाढत होता, त्याच्यापेक्षा लहान मुलं पक्की होत होती, आणि तो मात्र लिंबूच.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत त्याचा एक मित्र राज्य देत होता. हा पाण्याच्या पंपाच्या खोलीमागे लपला होता. मित्राने त्याला पाहिलं, नाव घेऊन ओरडला आणि म्हणाला, "तू पहिला आउट. आता तुझ्यावर राज्य." बाकावर बसलेल्या आम्ही चार बायका एकदम ओरडलो, "अरे, त्याला कशाला!" मी पण ओरडले, हे कबूल करते. त्या मुलाने आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गप्प बसले. म्हणाला, "येऊ दे ना. माझ्यावरच आलंय."

त्याने खांबाला कपाळ टेकून वीसपर्यंत आकडे म्हटले. मुलांनी आपापसात कुजबुजून ठरवलं की बी विंगच्या पलीकडे कुणी लपायचं नाही. आम्हा मोठ्यांना कुणी विचारलं नाही. आणि मग मजा झाली. त्याच्या वॉकरचे रबरी पाय फरशीवर टक टक वाजतात, त्यामुळे तो कुठे आहे ते लपलेल्यांना कळतं. हे त्यालाही ठाऊक होतं. दोन-चार पावलं चालला आणि पाठ खांबाला लावून चिडीचूप उभा राहिला. पाठ खांबाला, म्हणजे मागून येऊन कुणाला धप्पा देता येईना. आवाज थांबला, म्हणजे तो लांब गेला असं वाटून मुलं डोकी बाहेर काढायला लागली. एकाच जागी उभं राहून त्याने तिघांना पकडलं. तिसरा तोच मित्र होता. त्यावर दोघांचं जे भांडण जुंपलं, की हा बघत होता, आकडे नीट म्हटले नाहीत, तू चीटर, तू चीटर, ते आठ वाजेपर्यंत चाललं.

तुमच्या पुस्तकांत आमची मुलं कच्चे लिंबू असतात. चित्रात असतात, खेळात दिसतात, सगळे त्यांच्याशी गोड वागतात. राज्य मात्र त्यांच्यावर कधीच येत नाही. त्यांच्या हातून चूक होत नाही, ती खोटं बोलत नाहीत, कुणाची खोडी काढत नाहीत, हावरटासारखी शेवटचा लाडू खात नाहीत. आणि त्यांचा जो मित्र असतो तो मित्र नसतोच, तो मदतनीस असतो. बहुतेक वेळा बाईंनी त्याला सांगितलेलं असतं, 'आजपासून तू हिच्या शेजारी बस.' गोष्ट सगळी त्या मदतनिसाची. तो आधी घाबरतो किंवा हसतो, मग त्याला वाईट वाटतं, मग तो सुधारतो, शेवटी वर्ग टाळ्या वाजवतो. अपंग मूल त्याला सुधारण्यापुरतं आलेलं असतं.

माझी भाची आणि तिची जिवलग मैत्रीण यांना कुणी बाईंनी शेजारी बसवलं नव्हतं. दोघींना बाटल्यांची बुचं गोळा करायचं वेड होतं आणि जिन्यात पडलेल्या एका निळ्या बुचावर दोघींनी एकाच वेळी हात टाकला. मैत्रीची सुरुवात ही अशी ओढाताणीतून झाली. (मुलींची नावं लिहू का, असं मी विचारलं होतं. दोघी नको म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही.)

त्या दोघी भांडतात कशा, ते तुम्ही एकदा पाहायला हवं. भांडण तापलं की भाची हात वर नेते, टच्कन कॉइल काढते, मुठीत धरते आणि म्हणते, "आता बोल." समोरचीचा सगळा दारूगोळा फुकट. सुरुवातीला ती मैत्रीण रडकुंडीला यायची. मग तिने युक्ती शोधली. पाटी आणून मोठ्या अक्षरात लिहायची आणि भाचीच्या नाकासमोर धरायची. त्यावर भाचीने डोळे मिटायला सुरुवात केली. मग ती पाटी भाचीच्या मांडीवर ठेवून निघून जायची, कारण तिला पक्कं माहीत असायचं की ही कधी ना कधी डोळे उघडून वाचणारच. एकदा मी ती पाटी पाहिली. त्यावर लिहिलं होतं, 'माझी बुचं परत दे आणि उद्या पाच वाजता खाली ये.'

लेखकमंडळी, यात कुठेही दया नाही, आणि तुम्ही चोवीस पानं भरून जी मैत्री रंगवता त्याच्या दसपट मैत्री त्या एका पाटीत आहे. कॉइल काढून ठेवणं हे त्या मुलीचं हत्यार आहे. ज्या मशीनकडे आपण सगळे बिचारेपणाने पाहतो, ते तिच्या भांडणात हुकमाचं पान असतं. हे कुठल्याही मराठी चित्रपुस्तकात मी अजून पाहिलेलं नाही.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण तो आपल्या भाषेमुळेच घडला. पावसाळ्याचे दिवस होते. मशीन भिजू नये म्हणून भाचीने ते काढून डबीत ठेवलं होतं. मशीन नसलं की ती ओठ वाचते. मैत्रीण जिन्याच्या वरच्या टप्प्यावरून खिडकीबाहेर बघत होती, ती वळून म्हणाली, "मामा आला!" भाचीला दिसलं, "बाबा आला!" माझा भाऊ तेव्हा कामानिमित्त पुण्यात राहायचा आणि शनिवारी यायचा. भाची चपला न घालता पावसात फाटकापर्यंत धावली. तिथे मैत्रिणीचा मामा फणस घेऊन उभा होता.

शाळेत आपण सगळे शिकलो आहोत, प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. पाचही वेळा ओठ मिटतात, बघणाऱ्याला पाचही सारखेच दिसतात. मामा आणि बाबा यांत ओठांना काही फरक नाही. आणि क, ख, ग, घ हे तर कंठ्य, ते आतल्या आत घडतात, ओठांवर दिसतच नाहीत. ओठ वाचणारं मूल दिवसभर असे अंदाज बांधत असतं, आणि त्याने किती दमायला होतं ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. भाची रडली. मैत्रीण चिडली, कारण तिचं म्हणणं, "मी मामाच म्हटलं होतं." दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीनेच तोडगा काढला. मामा म्हणताना मिशीला पीळ द्यायचा, बाबा म्हणताना चश्मा सरळ करायचा. आता मशीन चालू असतानाही दोघी तसंच करतात, आणि त्यांचं पाहून इमारतीतली निम्मी मुलं करतात.

हे चित्रपुस्तक आहे की नाही सांगा. त्यात चित्र आहे, भाषा आहे, गैरसमज आहे, फणस आहे, रुसवा आहे. तात्पर्य सांगायची गरजच नाही.

तात्पर्याची ही सवय आपल्याकडे जुनी आहे. सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी १८२८ मध्ये इसापनीती मराठीत आणली, तेव्हापासून मुलांच्या गोष्टीच्या शेवटी शेपटी जोडायची रीत आहे. कोल्ह्या-करकोच्याच्या गोष्टीत ती खपून जाते, कारण कोल्हा पुस्तक वाचत नाही. अपंगत्वाच्या गोष्टीत मात्र ज्याच्यावरून तात्पर्य काढलं जातं, ते मूल सतरंजीवर समोर बसलेलं असतं.

शब्दांबद्दल एकच सांगते. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातला 'असूनही' हा शब्द शोधा. 'पायाने अधू असूनही तो आनंदी होता.' 'दिसत नसूनही ती हुशार होती.' मी स्वतः याच पत्रात वर तो शब्द वापरला आहे, खेळात असूनही हिशेबात नाही म्हणून, आणि तिथे तो बरोबर आहे, कारण तिथे खरोखर विसंगती आहे. अधू पाय आणि आनंद यांत कसली विसंगती? त्या एका शब्दातून मुलाला कळतं की आपण खरं तर दुःखी आणि मठ्ठ असायला हवं होतं. अपंग म्हणावं, दिव्यांग म्हणावं की आणखी काही, यावर मोठी माणसं वाद घालतात. आमच्या शनिवारच्या मुलांना त्याचं फारसं पडलेलं नाही. त्यांना 'बिचारा' हा शब्द मात्र लगेच बोचतो.

आता शेवटांबद्दल, कारण तिथे मला सगळ्यात जास्त राग येतो. पुस्तकात ज्या मुलाला चालता येत नाही ते शेवटच्या पानावर चार पावलं चालतं. जिला ऐकू येत नाही तिला मशीन मिळतं आणि खिडकीत चिमणी चिवचिवते, मुलगी खुदकन हसते, गोष्ट संपते. आमच्या घरी काय झालं ते ऐका. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी मशीन चालू करतात, त्याला सगळे 'स्विच ऑन' म्हणतात. आम्ही घरची सात माणसं पेढे घेऊन गेलो होतो. मशीन चालू झालं, भाची दचकली, किंचाळून रडायला लागली आणि तिने कॉइल ओढून फेकली. तीन वर्षांच्या शांततेनंतर अचानक डोक्यात आवाज सुरू झाला, तर दुसरं काय होणार? पेढे तसेच परत आले. त्यानंतर वहिनीने वर्षानुवर्षं तिला घेऊन बसायचं. आवाज आला की एक मणी वाटीत टाकायचा. कुकरची शिट्टी, दाराची बेल, रस्त्यावरचा भाजीवाला, प्रत्येक आवाजाला बोट दाखवून "ऐकलंस?" आजही एकाच वेळी चार जण बोलायला लागले की तिला काही उमजत नाही. मशीन चांगलं आहे, त्याने तिला खूप दिलं. पण ती बरी झालेली नाही, कारण ती आजारी नव्हती.

जे मूल कधीच चालणार नाही, ते तुमचं शेवटचं पान वाचून काय समजेल? हेच ना, की बाकीच्यांची गोष्ट पूर्ण झाली आणि आपली अर्धवट राहिली. माझं मागणं एवढंच आहे की गोष्टीच्या सुरुवातीला वॉकर असेल तर शेवटीही तो असू दे. मधल्या पानांत बाकी काय वाटेल ते घडू दे.

चित्रकारांना थोडं वेगळं सांगायचं आहे. तुमच्याबद्दल मला फार आदर आहे, कारण तीन-चार वर्षांचं मूल अक्षरांआधी तुमचं बोलणं वाचतं. पण कृपा करून वस्तू बघून काढा. आमच्या इमारतीतल्या मुलाचा वॉकर त्याच्या पाठीमागे असतो, पुढची बाजू मोकळी, त्यामुळे अंग ताठ राहतं आणि हात लांब केला तर समोरच्याला चिमटाही काढता येतो. पुस्तकांत मात्र मुलाच्या हातात कायम आजोबांचा वॉकर असतो, पुढे धरलेला. खुर्ची काढता ती इस्पितळातली, मोठ्या माणसाच्या मापाची, मूल त्यात हरवून गेलेलं. श्रवणयंत्र आणि कॉक्लिअरची कॉइल यांत फरक असतो. एकाची नळी कानात जाते, दुसरीची गोल चकती डोक्याच्या बाजूला बसते. पायाला आधार देणारा स्प्लिंट घालणाऱ्या मुलाचा बूट एक माप मोठा घ्यावा लागतो. हे बारकावे आमची मुलं पहिल्याच नजरेत पकडतात. त्या मुलाने एकदा पुस्तकातल्या चित्राकडे बघून सांगितलं, "हा पडणार." खरंच, तसा वॉकर धरला तर पडायलाच होईल. नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी केंद्र, म्हणजे अपंग मुलांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचं केंद्र, वाशीत आहे. तिथल्या लोकांची आणि पालकांची परवानगी घ्या, एक दिवस जाऊन बसा, वही घेऊन नुसतं बघा. ठाण्याहून वाशीला थेट लोकल आहे.

लोकलवरून आठवलं. मुंबई-ठाण्याकडच्या चित्रपुस्तकांत लोकल असतेच असते. गर्दी, कोळीणबाईची पाटी, डबेवाले, सगळं असतं. पण अपंगांसाठी राखीव असलेला डबा कुणी काढलेला मला आठवत नाही. फलाटावर जिथे तो डबा येऊन थांबतो, तिथे अंध प्रवाशांना जागा कळावी म्हणून बीप बीप असा आवाज वाजत राहतो. ठाणे स्टेशनवर माझी भाची दर वेळी तिथे थांबून तो आवाज ऐकते, तिला मशीनमधून तो स्वच्छ ऐकू येतो म्हणून. चित्रात तेवढाच एक कोपरा काढा. त्याबद्दल गोष्टीत एक अक्षरही लिहू नका. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग माणसं मोजली गेली, म्हणजे साधारण पंचेचाळीस माणसांत एक. पुढे २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, तेव्हा खरा आकडा याहून मोठाच असणार. तुम्ही ठाण्याच्या मासुंदा तलावाची संध्याकाळ काढता, नवरात्रातली जांभळी नाक्याची गर्दी काढता. त्या चित्रातली माणसं मोजा. पंचेचाळीस भरली आणि एकाच्याही हातात पांढरी काठी नसेल, कुणी कुबडी टेकवून भेळ खात नसेल, तर ते चित्र आपल्या गावाचं नाही.

मी जाणते की हे सगळं वाचून काहींना वाटेल, मग लिहायचंच कशाला, काहीही लिहिलं तरी चुकणार. असं म्हणून हात झटकू नका, ही अगदी मनापासून विनंती आहे. चुकलेलं पुस्तक मला नसलेल्या पुस्तकापेक्षा बरं वाटतं. माझ्या भाचीने त्या पुस्तकाचं शेवटचं पान खराब केलं, पण पहिल्या पानावरची कानाला मशीन असलेली मुलगी तिने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. ती भूक खरी आहे. आणि माहितीची पुस्तकंही हवीत. मशीन कसं चालतं, चुंबक का चिकटतो, सेल किती तास जातो, वॉकरची चाकं मागे का फिरत नाहीत, हे मुलांना फार आवडतं. फक्त माहिती माहितीच्या पुस्तकात द्या आणि गोष्ट गोष्टीच्या. मैत्रीच्या गोष्टीत मध्येच डॉक्टरकाका येऊन दोन पानं समजावून सांगायला लागले की सतरंजीवरची मुलं चुळबुळायला लागतात.

चांगलं कामही चाललेलं आहे, ते न सांगणं अन्याय होईल. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ सुरू केलं, तिथल्या मराठी गोष्टी खुल्या परवान्यामुळे आम्ही फुकट उतरवून छापून घेतो. आमच्यासारख्या एका कपाटाच्या वाचनालयाला त्याचा फार आधार आहे. तसंच प्रकाशकांनो, २०१२ पासून आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकांसाठी पुस्तकाचं ब्रेल किंवा ऐकण्याजोगं रूप करायला मुभा आहे. तरी पुस्तकाची मूळ फाइल कुणी मागितली तर ती खळखळ न करता द्या, म्हणजे पानं एकेक करून टाइप करावी लागणार नाहीत. आणि कधीतरी एक पुस्तक असं करा, ज्याच्या प्रत्येक पानावर छापील ओळ आणि तीच ओळ ब्रेलमध्ये उठवलेली असेल. दोन मैत्रिणी, एकीला दिसतं आणि एकीला नाही, एकाच पुस्तकावर डोकी टेकवून एकाच वेळी एकच पान वाचतील. त्यात गोष्ट हत्तीची असली तरी चालेल.

शेवटचं मागणं पैशांचं आहे, आणि ते करायला मला संकोच वाटत नाही. पुस्तकाची डमी, म्हणजे छापण्याआधीची नमुना प्रत, तयार झाली की ज्या प्रकारच्या मुलाबद्दल ते आहे, तशा दोन-तीन मुलांना आणि त्यांच्या मित्रांना ती वाचून दाखवा. ती मुलं तुमच्या चुका काढतील, ते काम आहे, त्या कामाचं मानधन द्या. चित्रकाराला देता, मुद्रितशोधकाला देता, तसंच.

आमच्याकडे यायचं असेल तर दर शनिवारी पाच वाजता या. ऑफिसला एक पायरी आहे, तिच्यावर लाकडी फळी टाकलेली असते, ती हलवू नका. माझ्या भाचीशी बोलताना तिच्या समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असे, आणि तोंडापुढे पुस्तक धरून वाचू नका. मिशी असेल तर ती तुम्हाला मामा म्हणण्याची शक्यता आहे. वाचन झालं की मुलं लपाछपी खेळायला खाली उतरतात. तुम्हीही खेळा. वॉकरवाल्या मुलावर राज्य असेल तर पंपाच्या खोलीमागे लपू नका, ती जागा त्याला पाठ आहे.

आपली,
चरईतल्या शनिवारच्या वाचनालयाची आत्या
ठाणे